पूल खेळायला लागलाय? मग क्यूचा चॉक घ्यायच्या आधी हे वाचा

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच पोरांनी मला एकच विचारलं, दादा, पूलच्या क्यूला, म्हणजे बॉल मारायच्या काठीला, कुठला चॉक घेऊ, आणि दरवेळी तेच तेच सांगून झालं म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढूया. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात पूल शिकवणारं माणूस सहज मिळत नाही, जो तो दुसऱ्याचं बघून शिकतो. चॉकबद्दल तर कोण काही सांगतच नाही. कडेला तो निळा ठोकळा पडलेला असतो, उचलायचा, दोनदा गरगर फिरवायचा, ठेवायचा, झालं.

मी पण तसंच केलं. टिळकवाडीत एका हॉलमध्ये खेळायला लागलो तेव्हा पहिले दोन-तीन महिने माझा दर चौथा-पाचवा शॉट मिसक्यू व्हायचा, म्हणजे क्यूच्या टोकाची टिप बॉलवरनं सटकायची, टक्क असा कोरडा आवाज यायचा आणि पांढरा बॉल भलतीकडंच जायचा. मला वाटायचं हात वाकडा आहे. मग वाटलं चॉक वाईट आहे, म्हणून ऑनलाइन एक महाग चॉक मागवला, तरी तेच. शेवटी हॉलवर टेबलं सांभाळणाऱ्या मार्कर अण्णांनी, ते कानडी-मराठी मिसळूनच बोलतात, मला थांबवलं आणि म्हणाले, "चॉक बिडु, टिप तोर्सु." म्हणजे चॉक राहू दे, टिप दाखव. टिप बघितली तर काचेसारखी गुळगुळीत, चकाकत होती. त्यावर चॉक बसणार कुठनं? त्यांनी पॉलिश पेपरनं दोन मिनिटं घासून दिली आणि त्याच संध्याकाळी हॉलमधल्याच साध्या चॉकवर माझे मिसक्यू जवळजवळ बंद झाले.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. आधी टिप, मग कपडा, मग चॉक. बहुतेक जण उलटं जातात आणि पैसे घालवतात.

काय काय लागेल

- चॉकचे दोन क्यूब, एकाच कंपनीचे आणि एकाच रंगाचे
- टिप शेपर किंवा स्कफर, म्हणजे टिपला आकार द्यायचं आणि ती खरबरीत करायचं अवजार, नसेल तर १५० नंबरच्या आसपासच्या पॉलिश पेपरचा छोटा तुकडा
- रुपयाचं नाणं, २०११ ते २०१८ मधलं
- सुकं सुती फडकं
- झिपवालं प्लास्टिक पाऊच आणि त्यात टाकायला बुटाच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी
- मोबाईलची टॉर्च

स्वतःचा क्यू नसला तरी चालतंय. स्वतःचा चॉक मात्र पाहिजे, का ते पुढं येईलच.

१. आधी टिपची तब्येत बघा

क्यूच्या टोकाला जी चामड्याची गोल चकती असते ती टिप. फ्रान्समधल्या फ्रांस्वा मिंगोनं १८०७ च्या सुमारास क्यूला चामड्याची टिप लावली असं मानतात, त्याच्या आधी लाकडाच्या टोकानंच खेळायचे, त्यामुळं बॉलला फिरकी देणं जवळपास अशक्य होतं. चामड्याला बारीक छिद्रं आणि रेषा असतात त्यात चॉकची पूड अडकून बसते. ती छिद्रं दाबून दाबून बुजली की टिप चकाकायला लागते आणि मग जगातला कुठलाही चॉक लावा, तो एका शॉटमध्ये उडून जातो.

बघायचं असं. टिपवर टॉर्च तिरकी मारा. सगळीकडं मखमलीसारखं मंद दिसलं तर ठीक. मध्ये आरशासारखा ठिपका चमकला तर पॉलिश पेपरनं हलकं हलकं टोचल्यासारखं करा, जोरात रगडू नका, टिप झिजून जाईल. मग आकार बघा. पूल क्यूची टिप साधारण १२ ते १३ मिलिमीटरची असते आणि तिचा वरचा गोलावा नाण्याच्या कडेशी जुळला पाहिजे. अमेरिकेत लोक निकेल नाण्याशी जुळवतात, ते २१ मिलिमीटरचं असतं, आपलं २०११ ते २०१८ मधलं रुपयाचं नाणं साधारण २२ मिलिमीटरचं आहे म्हणजे जवळजवळ तेवढंच. नाणं टिपच्या बाजूला धरून बघा, गोलावा सारखा दिसला पाहिजे. टिप सपाट झाली असेल तर कडेनं बॉल मारताना चॉक लागलेला भाग बॉलला लागतच नाही, टिपची धार लागते.

इथं दोन ठिकाणी पोरं फसतात.

पहिलं म्हणजे रंग. काही टिपा मुळातच निळसर असतात, एल्क मास्टर नावाची मऊ टिप तशीच येते, आपल्याला वाटतं चॉक लागलाय आणि लागलेला काहीच नसतो. क्यू हातात घेतल्यावर एकदा फडक्यानं टिप पुसून तिचा खरा रंग बघून ठेवा.

दुसरं, हॉलचा क्यू असेल तर मालकाला किंवा मार्करला विचारल्याशिवाय टिपला पेपर लावू नका. टिप त्यांची, बदलायचा खर्च पण त्यांचा. "अण्णा, टिप गुळगुळीत झालीय, जरा घासू का?" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा तेच घासून देतात, आणि ते कसं घासतात ते बघायला मिळतं हा वेगळा फायदा.

टिप मऊ असेल तर चॉक चांगला धरते पण दबून कडेनं छत्रीसारखी पसरते. कडक टिप आकार धरते पण चॉक कमी धरते, तिला दर शॉटला नीट लावावाच लागतो. ब्रेक, म्हणजे सुरवातीचा बॉल फोडायचा शॉट, मारायच्या क्यूला काही जण फिनॉलिकची, म्हणजे एका जातीच्या कडक प्लास्टिकची टिप लावतात, तिच्यावर चॉक टिकत नाही म्हटलं तरी चालेल. त्या क्यूनं बॉलच्या मधोमधच मारायचं, फिरकी द्यायला जायचं नाही.

२. चॉक नेमकं काय करतो ते समजून घ्या

हा भाग सोडू नका, कारण हे कळलं की दुकानदार काय पण सांगो तुम्ही फसणार नाही.

क्यूचा चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. नावामुळं गोंधळ होतो, कानडीत तर शाळेच्या खडूला सीमेसुण्ण म्हणतात आणि मी खरंच एका पोराला सीमेसुण्णाचा तुकडा टिपला घासताना बघितलंय. पूर्वी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरवातीला, खरोखरच खडूची पूड वापरायचे. पण आजचा चॉक वेगळा. अमेरिकेतला बिलियर्ड खेळाडू विल्यम स्पिंक्स आणि शिकागोचा रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स ह्या दोघांनी मार्च १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिका आणि कुरुंदाच्या जातीची पूड असते, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साईड, वर रंग आणि ते सगळं बांधून ठेवणारा पदार्थ. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्याचं चाक असतंय ना, त्याच घराण्यातलं हे. कडक, टोकदार, खरखरीत कण. शाळेचा खडू मऊ असतो, त्याला ही धार नाही, तो नुसता पांढरं करतो.

आता हे कण करतात काय, तर टिप आणि बॉल एकमेकांना लागतात तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो, तेवढ्यात टिपनं गुळगुळीत बॉलला पकडलं पाहिजे. ती पकड चॉक देतो. चॉक फिरकी देत नाही, लक्षात ठेवा, फिरकी तुमचा हात देतो. चॉक फक्त टिप सटकू देत नाही.

आणि त्याला पण हद्द आहे. बॉलच्या मध्यापासनं कडेपर्यंतचं जे अंतर, त्याच्या निम्म्यापर्यंत मारलं तर चांगल्या चॉकवर टिप सटकत नाही, त्याच्या बाहेर गेलात की कितीही महागाचा चॉक असो सटकणार. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे मध्यापासनं साधारण १४ मिलिमीटर. एवढीच जागा. नवीन खेळणाऱ्याचे निम्मे मिसक्यू ह्या हद्दीबाहेर मारल्यानं होतात असा माझा अंदाज आहे, आणि दोष चॉकला लागतो.

आता कॅरम पावडरबद्दल. आपल्याकडं घराघरात कॅरम, त्यामुळं हात आपोआप त्या डब्याकडं जातो. मी स्वतः ते केलंय, मला वाटलं पांढरी पूड म्हणजे पूड. कॅरमची पावडर बोरिकची असते आणि तिचं काम घसरवायचं आहे, सोंगट्या सरकाव्यात म्हणून. टिपला लावली की नेमकं उलटं होतंय, आणि ती चामड्यात शिरली की लवकर निघत पण नाही, वरचा थर घासून काढावा लागतो. टाल्कम पावडर हाताला लावतात, क्यू बोटांतनं सरकायला, ती पण अगदी चिमूटभर, आणि टिपपासनं लांब.

३. कपड्याचा रंग बघा

टेबलवरचा कपडा ज्या रंगाचा त्याच रंगाचा चॉक घ्यायचा. निळ्या कपड्यावर निळा, हिरव्यावर हिरवा. कारण चॉकची पूड खाली पडतेच, आणि हिरव्या कपड्यावर निळे ठिपके पडले की ते निघता निघत नाहीत. कपडा बदलणं हे हॉलवाल्यासाठी मोठं काम आहे, त्यामुळं तुम्ही लाल चॉक घेऊन निळ्या टेबलवर गेलात तर तो तुम्हाला ओरडला तर त्याचं काही चुकत नाही. मी निळा आणि हिरवा असे दोन ठेवतो, कारण दोन वेगळ्या हॉलमध्ये जातो.

एक सोपी गोष्ट: चॉक मागवायच्या आधी मोबाईलवर टेबलचा फोटो काढा. दिव्याखाली हिरवा कुठला आणि निळसर हिरवा कुठला ते आठवणीतनं सांगता येत नाही.

आणि तुमच्याकडं स्नूकरचं टेबल असेल तर बॉल लहान, ५२.५ मिलिमीटरचा, आणि टिप ९-१० मिलिमीटरची. टिप लहान म्हणजे चॉक लावताना कडा सुटायची शक्यता जास्त. बाकी निवडायची पद्धत तीच, फक्त स्नूकरवाले चॉकच्या डागाला जास्त जपतात, त्याचं कारण पुढच्या भागात.

४. कुठल्या प्रकारचा घ्यायचा

मी चॉकचे मनातल्या मनात तीन गट करतो.

साधा चॉक. मास्टर आणि ट्रँगल ही नावं तुम्हाला जगभर दिसतील, दोन्ही अमेरिकेतल्या ट्वीटन कंपनीची. कोरडी पूड, सहज लागतो, स्वस्त. तोटा असा की पूड भरपूर उडते, हात निळे, खिसा निळा, बॉलवर डाग. शिकणाऱ्याला माझा सल्ला हाच. तुम्हाला चॉक लावायची सवय लागायचीय आणि ह्या चॉकला दर शॉटला लावावंच लागतंय, म्हणजे सवय आपोआप लागते.

मधला गट म्हणजे जरा बारीक दाण्याचा, चिकटून राहणारा. प्रीडेटरचा १०८०, इटलीच्या लाँगोनीचा ब्लू डायमंड वगैरे. पूड कमी उडते, थर एकसारखा बसतो. वर्षभर खेळून झालं आणि हात बसला की घ्यायला हरकत नाही.

महाग गट. जपानचा कामुई, फिनलंडचा ताओम. ह्यात पण दोन स्वभाव आहेत. कामुई जाड आणि घट्ट बसतो म्हणून ओळखला जातो. ताओमचं वैशिष्ट्य असं की तो बॉलवर आणि कपड्यावर फार कमी डाग सोडतो, आणि त्यामुळंच गेल्या काही वर्षांत व्यावसायिक स्नूकर खेळाडूंमध्ये तो इतका पसरला.

डागाचं एवढं काय? तर पांढऱ्या बॉलवर चॉकचा ठिपका राहिला आणि नेमका तोच ठिपका दुसऱ्या बॉलला लागला तर तिथं क्षणभर दोन्ही बॉल एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, ठक असा जड आवाज येतो, बॉल कधी कधी किंचित उडतो आणि ज्या लाईनवर जायला पाहिजे त्या लाईनवर जात नाही. स्नूकरवाले त्याला किक म्हणतात. मोठ्या मॅचमध्ये एका किकमुळं अख्खी फ्रेम, म्हणजे एक पूर्ण डाव, जाऊ शकते म्हणून त्यांना महाग चॉक परवडतो. आपण ज्या टेबलवर खेळतो तिथले बॉलच महिना महिना धुतलेले नसतात, तिथं पाच बोटांत एक ताओम धरून काय उपयोग. ताओमच्या एका क्यूबच्या पैशात साध्या चॉकचा डझनभराचा खोका सहज येतो. आधी हॉलवाल्याला बॉल धुवायला लावा, कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ कपड्यानं कोरडे. किक त्यानंच बऱ्याच कमी होतात.

माझ्या मैत्रिणीच्या भावानं पहिल्याच महिन्यात कामुई घेतला आणि गरगर फिरवून फिरवून टिपवर एवढा थर चढवला की बॉल मारला की वर निळा ढग. चिकटणारा चॉक कमी लावायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. महाग चॉकला साध्या चॉकसारखं घासलं की तो साध्यापेक्षा वाईट वागतो.

५. विकत घेताना

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीच्या बाजूला फिरलात तर खेळाच्या दुकानात बॅट, कॅरम, शटल सगळं मिळेल, चॉक कधी असतो कधी नसतो. मला सोपा गेलेला रस्ता म्हणजे हॉलवाल्यालाच सांगायचं. ते खोक्यानं मागवतात, त्यातले दोन क्यूब आपल्याला पैसे घेऊन देतात. कोल्हापूर किंवा हुबळीला कोण जात असेल तर सांगून ठेवता येतं. नाहीतर ऑनलाइन आहेच.

ऑनलाइन घेताना पहिल्यांदा डझनाचा खोका घेऊ नका. प्रसिद्ध नावासारखंच दिसणारं नाव, तसाच कागद, तसाच रंग असे चॉक असतात आणि आत भुसा. एक-दोन क्यूब घ्या आणि हातात आल्यावर एवढं बघा:

नखानं हलकं खरवडा. पूड बारीक आणि एकसारखी आली पाहिजे. गुठळ्या पडल्या किंवा कोपरा सरळ तुटून हातात आला तर चॉक कच्चा. नख नुसतंच सरकलं आणि काहीच आलं नाही तर फार कडक, किंवा जुना होऊन वरनं घट्ट झालेला. मग ती पूड बोटांत चोळा, अगदी बारीक खरखर लागली पाहिजे. पिठासारखी मऊ लागली तर तो शाळेच्या खडूचाच भाऊ. आणि खडे टोचले तर तो टिप आणि बॉल दोन्ही खराब करेल.

घरात लहान मुलं असतील तर अजून एक. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात आलं होतं की तेव्हाच्या काही चॉकमध्ये शिसं सापडलं. सगळ्यात नव्हे, काहीत. पण बिननावाचा स्वस्त चॉक आणि तोंडात सगळं घालणारं बाळ ही जोडी नको. खेळून आल्यावर हात धुवा, चॉकच्या हातानं भेळ खाऊ नका.

६. टेबलवर तपासून बघा

हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर वाटलं पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर.

पट्ट्याचा कुठलाही बॉल घ्या, ९ ते १५ मधला. तो पांढऱ्या बॉलच्या जागी ठेवा, पट्टा उभा आणि तोंड तुमच्याकडं. त्या पट्ट्याची रुंदी साधारण बॉलच्या निम्मी असते, म्हणजे पट्ट्याची कड ही जवळजवळ तीच हद्द, जिच्या बाहेर टिप सटकते. टिप नीट चॉक करा आणि आधी मधोमध मारा, मग मध्य आणि कड ह्याच्या मध्ये, मग कडेच्या अगदी जवळ. प्रत्येक शॉटनंतर बॉल उचलून चॉकचा ठिपका बघा, तो तुम्हाला खरं सांगतो की टिप कुठं लागली. तुम्हाला वाटत असतं मध्ये मारलं आणि ठिपका बोटभर बाजूला असतो.

ठिपका पट्ट्याच्या आत आहे आणि तरी सटकली, तर टिप किंवा चॉकमध्ये गडबड आहे. ठिपका पट्ट्याच्या बाहेर आणि सटकली, तर चॉक बदलून काही होणार नाही, हात सरळ करा.

दोन चॉक जोखायचे असतील तर त्याच क्यूनं, त्याच दिवशी, प्रत्येकी वीस-वीस शॉट कडेजवळ मारा आणि किती सटकले ते कागदावर लिहा. दोन चॉक टिपवर एकत्र करू नका, मध्ये टिप फडक्यानं पुसा. आणि दर शॉटनंतर टिप बघा, कुठं टक्कल पडलंय का.

७. लावायची पद्धत

चॉक एका हातात, क्यू दुसऱ्या हातात. चॉक टिपवर ब्रशनं रंग दिल्यासारखा फिरवायचा, कडेकडनं हलके फटके, मधूनमधून क्यू थोडा थोडा फिरवायचा. पाच-सहा फटके पुरतात. मग टिपकडं बघायचं. हे बघणं फार जण करत नाहीत, चॉक हातात, नजर टेबलवर, आणि टिपची एक बाजू कोरडीच राहते.

गरगर फिरवून चॉकला विहीर पाडू नका. खोल भोक पडलेल्या चॉकचे काठ टिपच्या खालच्या पांढऱ्या कडीला आणि लाकडाला घासतात, क्यू निळा होतो, आणि टिपच्या मध्यावर मात्र चॉक लागत नाही. हॉलमधले चॉक बहुतेक असेच असतात, म्हणून मी म्हटलं की स्वतःचा चॉक ठेवा.

कधी लावायचा? प्रत्येक शॉटच्या आधी. सोपा शॉट असो, मधोमध मारायचा असो, तरी. आमचे अण्णा म्हणायचे चॉक लावताना डोकं चालतंय, आणि खरंच तेवढ्या तीन-चार सेकंदात मी ठरवतो की पांढरा बॉल कुठं थांबवायचा.

टेबलवर वाकून चॉक लावू नका, पूड कपड्यावर पडते. बाजूला व्हा, लावा, क्यूच्या दांड्यावर एक बारीक टिचकी मारा, जास्तीची पूड खाली. तोंडानं फुंकू नका, ओलावा लागतो. आणि चॉक कडेवर ठेवताना वापरायची बाजू वर. उलटा ठेवलात की लाकडावर निळं, मग दुसऱ्याच्या शर्टाच्या बाहीला निळं.

शर्टाला लागलाच तर ओल्या हातानं पुसू नका, डाग आत जातो. कोरडा झटका, मग धुवायला टाका.

८. पावसाळ्यात काय करायचं

बाहेरच्या लोकांनी सांगितलेलं इथं जसंच्या तसं चालत नाही ते ह्याच्यामुळं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं, आणि खानापूरच्या बाजूला तर जास्तच, हवा इतकी दमट की मीठ पाझरतंय, पापड मऊ पडतात, तर चॉकचं काय होणार. ओल धरलेला चॉक पूड सोडत नाही, वरनं मेणासारखा गुळगुळीत होतो आणि टिपवर चिखलासारखा ठिकठिकाणी चिकटतो. वरनं बघितलं तर टिप निळी दिसते, मारलं की सटकते. कपडा पण ओल धरून जड होतो म्हणून आपण जोरात मारायला जातो, आणि जोरात मारताना सटकणं जास्त.

मी असं करतो. चॉक कायम झिपच्या पाऊचमध्ये, आत सिलिकाची पुडी. खेळायच्या आधी चॉकचं तोंड पॉलिश पेपरवर दोनदा हलकं ओढतो, वरचा गुळगुळीत थर जातो आणि आतला कोरडा चॉक वर येतो. फार ओल असेल तर घरात पंख्याखाली रात्रभर उघडा ठेवतो. गॅसवर किंवा तव्यावर तापवू नका, बांधणी सुटून चॉक भुसभुशीत होतो. भिजलाच पूर्ण तर टाकून द्या, तो परत पहिल्यासारखा होत नाही. हात पण पुसत राहा. घामाचा अंगठा टिपला लागला की तेवढ्या जागेवर चॉक बसत नाही, आणि टिपवर बोट फिरवून चॉक लागलाय का बघायची सवय कित्येकांना असते, ती मोडा.

पावसाळ्यात मी टिप पण जरा जास्त वेळा खरबरीत करतो, दर दोन-तीन खेळांनंतर एकदा. उन्हाळ्यात आठवड्यातनं एकदा पुरतंय.

९. एक क्यूब किती चालवायचा

माझा साधा क्यूब आठवड्यातनं तीनदा खेळून कित्येक महिने जातो, संपत नाही, हरवतोच. मध्ये खड्डा पडायला लागला की कडा पॉलिश पेपरवर घासून सपाट करा आणि वापरा. खड्डा कागदाच्या तळाला टेकला, किंवा कोपरे फुटून बोटांत धरता येईना झाला की सोडा.

हॉलमधनं निघताना आपला चॉक उचलायला विसरू नका, आणि उचलताना तो आपलाच आहे ना बघा. सगळे ठोकळे सारखेच दिसतात, म्हणून मी माझ्याच्या तळाच्या कागदावर पेनानं मोठं म लिहून ठेवलंय.